वाचनालयाच्या काँप्युटरची चिप

इंटरनेटवर सगळं मिळतं असं जो कुणी म्हणतो, त्याला माझ्यासमोर आणा. आमच्या गावच्या वाचनालयात जो काँप्युटर होता, त्याची रॉम जगात कुठंही मिळत नाही. रॉम म्हणजे चालू केल्याबरोबर यंत्राला जागं करणारी चिप. पडदा कुठं, कळा कुठं, फ्लॉपी कशी वाचायची, हे यंत्राला तीच सांगते. परदेशातल्या जुन्या यंत्रांच्या रॉम लोकांनी जिवापाड जपल्यात. आमची मी स्वतःच्या हातानं उपटून गटारात टाकली.

होय, मीच. तेव्हा मी कॉलेजात होतो आणि डोकं तापलेलं होतं. सीमेवरच्या येळ्ळूरमध्ये वाढलेल्याला सीमाप्रश्न कुणी शिकवावा लागत नाही. तो काँप्युटर सरकारी योजनेतून आलेला. चालू केला की आधी कानडीत स्वागताची ओळ यायची. पुढं सगळं काम मराठीत करता यायचं, पण ती एक ओळ आम्हाला डोळ्यांत खुपायची. आमच्या टोळक्याच्या म्होरक्यानं विचारलं, "ती वळ येतीया कुठनं रं?" मी इलेक्ट्रॉनिक्स शिकत होतो, म्हणजे अतिशहाणा. झाकण उघडलं, स्क्रू ड्रायव्हर घातला आणि चिप उचकटली. पोरांनी मला खांद्यावर घेतलं. ओळ गेली, तिच्याबरोबर काँप्युटरही गेला, आणि पुढं भंगारात निघाला. त्या म्होरक्याची नातवंडं आज इंग्रजी शाळेत जातात आणि दुकानाची मराठी पाटी वाचताना अडखळतात.

माझे वडील, आप्पा, ते वाचनालय सांभाळायचे. शेतावरून आले की हातपाय धुऊन ते त्या काँप्युटरसमोर बसायचे आणि एका बोटानं गावातल्या शेतांची नावं टाईप करायचे. जांभळीचा मळा, सासूची पट्टी, रुसलेलं शेत. नाव का पडलं, कुठल्या म्हातारीनं सांगितलं, सगळं. प्रिंटर नव्हता. टिपून आणलेली चिठ्ठी टाईप झाली की ते ती चुलीत घालायचे, कारण आता ती मशीनमध्ये आहे असा त्यांचा विश्वास. चिप मी काढली हे त्यांना दुसऱ्याच दिवशी कळलं. ते काही बोलले नाहीत. जेवताना आमटी वाढ म्हणाले, बस्स. त्याचा मला आजही संताप येतो. एक सणसणीत थोबाडीत द्यायची होती.

आता आप्पांनी ऐंशी ओलांडलीय आणि त्यांचं विसरणं सुरू झालंय. एखाद्या दिवशी मला ओळखतात, एखाद्या दिवशी "या पावणं" म्हणतात. मागच्या वर्षी, ओळखीच्या दिवशी, म्हणाले, "माझी शेतं एकदा वाचायचीत रं. मग इसरलो तरी चालंल." त्या शब्दांनी मी पेटलो, स्वतःवरच. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात तसं, तीस वर्षांनी मी कामाला लागलो.

आप्पांनी टाईप केलेलं ज्यांच्यावर साठवलं होतं त्या फ्लॉप्या घरी ट्रंकेत होत्या. कसर लागू नये म्हणून आप्पांनी लोकरीच्या कपड्यांत ठेवतात तशी निपाणीची तंबाखूची पानं त्यांच्यात ठेवली होती! पानांचा चुरा होऊन एक फ्लॉपी पार खरवडली गेली होती. उरलेल्या घेऊन मी निपाणीच्या एका जैन दुरुस्तीवाल्याकडं गेलो. घरात कानडी, दुकानात मराठी बोलणारा माणूस. त्यानं त्या साफ केल्या, जुन्या ड्राइव्हवर वाचल्या आणि त्यांची नक्कल दिली.

यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम, इम्युलेटर, मिळाला. पण रॉमवाचून तो म्हणजे नुसतं मढं. मग आपला हात जगन्नाथ. पत्ता शून्यपासून, म्हणजे चिपच्या अगदी पहिल्या घरापासून, मी रॉम स्वतः लिहायला घेतली. दर रविवारी दुपारी बसायचो आणि काळा पडदा बघून उठायचो. फ्लॉपीवरचा प्रोग्रॅम रॉममधल्या ठरावीक पत्त्यांवर हाका मारायचा, आणि कुठली हाक कशासाठी हे मला ओळखावं लागायचं. ही कळ मागतेय, ही अक्षर काढ म्हणतेय. पाच महिन्यांनी अक्षरं आली, तर क च्या जागी ग, त च्या जागी द! अक्षर काढणाऱ्या भागात चूक असणार म्हणून मी तो चार वेळा नव्यानं लिहिला. बायकोवर ओरडलो, माऊस आपटून फोडला.

शेवटी दुरुस्तीवाल्याला फोन करून हा घोळ सांगितला. तो हसला. "अण्णा, अक्षरांचा तक्ता मराठीचाच मांडलासा व्हय? आमच्या कानडीत ए दोन, ओ दोन. एक आखूड, एक लांब. ती दोन जादा घरं ठेवलासा काय?"

ठेवली नव्हती. त्या यंत्रात दोन्ही भाषांना एकच तक्ता होता, फक्त आकार वेगळे. मी कानडीची दोन घरं वगळली आणि पुढची सगळी मराठी दोन घरं सरकली. म्हणजे इतक्या वर्षांनी मी पुन्हा तेच केलं होतं. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा चीड जास्त. दोन घरं टाकली आणि शेतं उघडली. कित्येक ओळींत मराठी नावाशेजारी त्याच शेताचं कानडी नावही होतं. दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना विचारून आप्पांनी ते लिहिलं होतं.

लॅपटॉप घेऊन मी घराच्या पुढच्या सोप्यात आप्पांसमोर बसलो. सकाळची वेळ, ऊन पायांवर आलेलं. आप्पांनी चष्मा लावला आणि बोट ठेवून वाचू लागले. जांभळीचा मळा. सासूची पट्टी. पानामागून पान. मग माझ्याकडं वळले.

"लई कष्ट घेतल्यात कुणीतरी," ते म्हणाले. "पावणं, इतकी वर्सं हे कुठं हुतं?"

मला थोबाडीत हवी होती, ती अशी मिळाली. मी सांगितलं, "मी मोडलं होतं. पोरवयात. माझ्या वडलांनी केलेलं काम होतं."

"आनि वडील काय म्हटले?"

"काय न्हाय म्हटले."

आप्पांनी चष्मा काढला. त्यांचा चेहरा लाल झाला होता. असा राग त्यांच्या तोंडावर मी जन्मात पाहिला नव्हता.

"भित्रा हुता," ते म्हणाले. "पोरगं दुरावंल म्हणून भ्याला असणार."