काठावरच्याचा वाटा

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो, पण खरं सांगायचं तर हसायला वाचतो. हायवेवरची पांढऱ्या साडीतली बाई, बंद बंगल्यातला पाळणा... लोकांना सुचतं तरी काय काय! मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. अंगात येणाऱ्या बायांना मी तोंडावर वेडं ठरवलंय आणि त्यापायी शिव्याही खाल्ल्यात. तेव्हा हा म्हातारा आता चळलाय असं कुणाला वाटलं तर खुशाल वाटू द्या. हे डोळ्यांनी बघणारे आम्ही तिघं होतो, त्यातला मी एकटाच उरलोय. म्हणून लिहितोय.

निजामाचं राज्य जायच्या दोन उन्हाळे आधीची गोष्ट. आमचं गाव जिंतूर तालुक्यात, डोंगराच्या अंगाला, पूर्णेच्या काठी. गाव आणि नदीचे डोह सगळं पुढे धरणाच्या पाण्यात गेलं. आम्ही भोई. आईबाप लहानपणीच गेले. मला वाढवलं ते माझ्या थोरल्या भावाने, दादाने. मी परभणीला उर्दू शाळेत शिकत होतो, मिसरूड फुटलेलं होतं आणि सुट्टीला गावी आलो की स्वतःला फार शहाणा समजत होतो.

दादाच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती. घरात पोर नव्हतं. दोनदा वहिनीला दिवस गेले आणि दोन्ही वेळा राहिलं नाही. दोन्ही वेळा पहिल्याच महिन्यात गावभर बोभाटा झाला होता, आणि दृष्ट लागली असं वहिनीच्या मनाने घेतलं होतं. दादा वरून थट्टामस्करी करणारा माणूस, पण दुसऱ्याचं पोर कडेवर घेतलं की त्याला खाली ठेवायचाच नाही. शेवटी त्या पोराची आई येऊन ओढून न्यायची. मला ते बघवत नसे.

आता आमच्यातली एक रीत सांगायला हवी. जाळं पाण्याबाहेर ओढलं की त्या वेळी काठावर जो उभा असेल त्याला मासळीतला वाटा द्यायचा. मग तो घरचा असो, परका असो, नुसता वाटसरू असो. वाटा हातात द्यायचा नाही, ज्याचा त्याच्या पायापुढं ठेवायचा. तान्हं पोर कडेवर असलं तर त्याचाही वेगळा वाटा, तो आईच्या पायापुढं. कुत्रं असलं तरी त्याला एखादी झिंगी टाकायची. पळवाट नव्हती त्यात.

त्या वर्षी माघात, मी चार दिवस गावी आलो असताना, एक दरवेशी गावात आला. दरवेशी म्हणजे अस्वलाचा खेळ करणारा. आमच्या डोंगरात अस्वलं होती, मोहाच्या दिवसांत खाली उतरायची. पण ती काळी. आमच्या तात्यांचा, म्हणजे चुलत्यांचा, अर्धा गाल असल्याच एका अस्वलाने नेला होता. दरवेशाचं जनावर मात्र भुरं होतं, पिकल्या चिंचेच्या रंगाचं, आणि आमच्या अस्वलांच्या दीडपट मोठं. पाठीवर उंटासारखा थोडा उंचवटा. लांब उत्तरेकडच्या पहाडातून पिल्लू असताना आणलंय म्हणाला. म्हातारं झालं होतं, नाकातल्या भोकात दोरी होती आणि ते भोक ओढून ओढून फाटत आलं होतं.

बायका पोराबाळांसाठी अस्वलाचा केस ताइतात घालतात, तशी गर्दी झाली. वहिनीनेही एक केस घेतला. मी हसलो. ती केस पदराच्या टोकाला बांधून आत गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही डोहावर जाळं ओढत होतो तेव्हा दरवेशी त्या अस्वलाला पाणी पाजायला घेऊन आला. दादाने वाटे केले. एक दरवेशाच्या पायापुढं ठेवला, आणि एक चांगली हातभर मरळ उचलून अस्वलाच्या पायापुढं!

तात्या भडकले. "येडा झाला का रं? जनावराला मरळ? झिंगी टाक की एखांदी."

"येवढ्या मोठ्या पाव्हण्याला झिंगी?" दादा म्हणाला. "काठावर हुबं हाय न्हवं? मंग?"

सगळे हसले. अस्वलाने मरळ हुंगली, पंजाखाली दाबली आणि डोकं आधी असं व्यवस्थित खाल्लं. दरवेशी बघतच राहिला. "इसकू मच्छी याद है अबी," म्हणाला. "पहाड में खाता था. मैं तो रोटीच खिलाता."

आमची काळी अस्वलं मासे खात नाहीत. वाळवी, मध, मोहाची फुलं, बोरं. त्यामुळे ते दृश्य गावात चार दिवस चघळलं गेलं. मग दरवेशी पुढे गेला आणि सगळे विसरले.

वैशाखात मी सुट्टीला घरी आलो. नदी आटून डोहांपुरती राहिली होती. त्यातून सगळीकडे पटकीची साथ, आज या गावात दोन गेले, उद्या त्या गावात. माणसं घराबाहेर पडायला भीत होती, पण खायला तर लागतंच. दादा आणि मी डोहावर जात होतो.

त्या दिवशी सकाळपासून जाळं रिकामं येत होतं. नुसतं शेवाळ आणि काटक्या. ऊन डोक्यावर आलं तशी वहिनी भाकरी घेऊन आली. खडकावर ती टोपली उतरवून उभी होती, मी तिच्यापासून थोडा लांब, आणि दादा अगदी पाण्याशी, ओलं जाळं खांद्यावर टाकून. शेवटचं ओढलं तेही रिकामंच.

"काय न्हाई आज. चला, भाकर खाऊ," दादा म्हणाला, आणि बोलता बोलता गप्प झाला.

समोरच्या काठावर निरगुडीच्या झुडपांतून अस्वल बाहेर आलं होतं. भुरं.

तात्यांचा गाल डोळ्यांपुढे आला. वहिनीने तोंडात पदर कोंबला. दादा मात्र मान न वळवता हळूच म्हणाला, "पळू नगासा. कुनी पळू नगासा." आणि मग मला, "नाम्या, त्याच्या नाकात बघ."

नाकात भोक होतं. दोरी नव्हती, पण फाटत आलेलं तेच भोक.

"दरवेशाचं हाय हे," दादा म्हणाला. "सुटून आलंय जनू."

अस्वल पाण्यात उतरलं. पोटापर्यंत पाण्यात जाऊन उभं राहिलं, मान खाली घालून, अगदी स्थिर. आमचं जाळं ज्या डोहात सकाळपासून रिकामं येत होतं त्याच डोहात त्याने तोंड घातलं आणि मरळ वर काढली. ती तोंडात धरून ते आमच्या काठाला आलं. ओल्या केसांचा उग्र वास येत होता. चालत माझ्यासमोर आलं आणि मरळ माझ्या पायापुढं ठेवली. टाकली नाही, ठेवली. मी श्वास घेत नव्हतो. त्याचा श्वास माझ्या गुडघ्यांना लागत होता.

ते परत पाण्यात गेलं. दुसरी मरळ काढली, ती वहिनीच्या पायापुढं ठेवली.

मग तिसऱ्यांदा पाण्यात गेलं. आता माझी भीती जराशी उतरली होती. मला उलट गंमत वाटायला लागली होती, कारण काय चाललंय ते कळलं होतं. आता पाळी दादाची. तोच सगळ्यात जवळ उभा होता. अस्वल मासा घेऊन वर आलं, दादाच्या मांडीला घासून पुढे गेलं — त्याचं धोतर ओलं झालेलं मी बघितलं — आणि तो मासाही वहिनीच्या पायापुढं ठेवला. पहिल्यापेक्षा हा जास्त मोठा होता.

दादा वाट बघत उभा राहिला. अस्वल चौथ्यांदा पाण्यात गेलं, एक मासा धरला, तो पलीकडच्या काठावर बसून स्वतः खाल्ला, आणि निरगुडीत शिरलं. एकदाही मागे वळून बघितलं नाही.

मग दादा मोठ्याने हसला, पोट धरून हसला. "माघातला वाटा फेडून गेलं की गं हे! ब्याजासकट!"

"तुझ्यापुढं न्हाई ठिवला, दादा," मी म्हणालो.

"तुझ्या वैनीपाशी ठिवलाय की माजा. नवराबायकूची चूल येकच, येवढं त्याला बी कळतंय. तुला कसं कळंना? येवढा शिकायलायस परभनीला!" त्याने वहिनीपुढची मोठी मरळ उचलली आणि खांद्यावर टाकली. "हा माजा."

वहिनी त्याच्याकडे बघत होती. काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं होतं हे मला पक्कं आठवतं. पण ती बोलली नाही, टोपली उचलून घराकडे चालू लागली.

संध्याकाळी तिने कालवण केलं. दादाने मोठी मरळ जवळजवळ एकट्याने संपवली, मला चिडवत, अस्वलाची नक्कल करत. त्या घरात मी त्याला एवढा आनंदात कधी पाहिला नव्हता.

दोन दिवसांनी तो सुकी मासळी घेऊन बोरीच्या बाजाराला गेला. एक मुक्काम करून परत आला तो वाटेतच जुलाब-उलट्या सुरू झालेल्या. कुठे पाणी प्याला कोण जाणे. उंबऱ्याशी बसला आणि म्हणाला, "नाम्या, हात धर." डोळे खोल गेलेले, बोटांची कातडी धुणं धुतल्यासारखी सुरकुतलेली. मिठाचं पाणी, कांद्याचा रस, जे कुणी सांगेल ते केलं. जिंतूरहून डॉक्टर आणायला तात्या बैलगाडी घेऊन गेले, ते परत येईपर्यंत सगळं संपलं होतं. शेवटी त्याला बोलता येत नव्हतं, नुसता वहिनीकडे बघत होता. मी आजवर बरीच मरणं पाहिली. त्या मरणाइतका राग मला कशाचाच आला नाही.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. मी ओट्यावर बसलो होतो, वहिनी आतून आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

"भाऊजी, मला दिस गेलेत."

मी उठून उभा राहिलो. "कवापासून?"

"डोहावर आले तवा तिसरा लागला व्हता. मागल्या दोन्ही टायमाला आदीच सांगितलं अन् दिष्ट लागली, म्हून ह्या बारीला तोंडच उघडलं न्हाई. त्यायला बी न्हाई. बोरीहून आल्यावर सांगनार व्हते."

तिला रडू आलं नाही. रडणं सगळं आधीच होऊन गेलं होतं. मग तीच म्हणाली, "भाऊजी, पोरवाल्या बाईच्या पायापुढं दोन वाटे ठिवतेत न्हवं?"

मी हो म्हणालो.

"मला तितंच कळलं व्हतं, दोन कामून ठिवले ते. मी मनात म्हनलं, जनावराला बी कळलं. लय आनंद झाला मला. ते मासा उचलायलेत तवा सांगावं वाटलं, की अवं, त्यो तुमचा न्हाई..." तिने पोटावर हात ठेवला. "पर मंग तुमचा कुटं हाय, ह्ये माज्या डोक्यातच आलं न्हाई."

आम्ही दोघंही त्यावर पुन्हा कधी बोललो नाही.

पुढच्या वर्षी झरीच्या बाजारात मला तो दरवेशी भेटला. हातात डुगडुगी, गळ्यात नुसती दोरी. अस्वल कुठाय विचारलं. म्हणाला, "वो तो गुजर गया बाबा. पिछले साल, होली से पैले, वालूर के पास. मैंच गाडा मेरे हात से."

होळीच्या आधी. आणि आम्ही त्याला पाहिलं वैशाखात. मी त्याच्याशी हुज्जत घातली, भुरा रंग सांगितला, नाकातलं भोक सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "दुसरा कां से आता? ये मुलुख में भूरा रीछ हैच नै," एवढंच म्हणाला आणि डोळे पुसले.

विज्ञानाचा मास्तर म्हणून मी या गोष्टीला सगळ्या बाजूंनी झोडून बघितलंय. दरवेशी खोटं बोलला असेल. दुसऱ्या कुणाचं अस्वल सुटलं असेल. तळपत्या उन्हात, उपाशीपोटी, भीतीने आम्हाला भास झाला असेल. पण तिघांना एकच भास? आणि त्या भासाचं कालवण आम्ही पोटभर खाल्लं?

वहिनीला ऐन थंडीत मुलगा झाला. बाळू. त्याला मी वाढवलं, दादाने मला वाढवलं तसं. आता मी त्याच्याच घरी परभणीत राहतो, तोही रिटायर झालाय. काही वर्षांपूर्वी त्याने टीव्हीवर कुठलासा जनावरांचा चॅनल लावला होता. परदेशातली भुरी अस्वलं नदीत पोटापर्यंत उभी, माना खाली, अगदी स्थिर... मी चहा तसाच ठेवून टीव्हीच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो. तसं उभं राहणारं अस्वल मी त्याआधी एकदाच बघितलं होतं, पूर्णेच्या डोहात, आणि तेव्हा आमच्या गावात कुणी टीव्ही हा शब्दही ऐकला नव्हता.

"काय झालं, काका?" बाळूने विचारलं. काही नाही म्हणालो. त्याला हे सांगायचं धाडस मला आजवर झालेलं नाही. वहिनीनेही जाईपर्यंत सांगितलं नाही. या सगळ्याचा उलगडा मला झालेला नाही आणि आता या वयात होईल असं वाटत नाही.

घरी मासे आणले की मी बाळूच्या सुनेला त्याचं ताट आधी वाढायला सांगतो, आणि मोठा तुकडा त्यालाच. ती हसते, म्हणते, सासरे सत्तरी पार करून गेले तरी तुमचे लाड संपत नाहीत. मी म्हणतो, वाढ बाई, त्याचा एक वाटा राहिलाय.