एफी मॅकॅफरने भरलेलं पिंप

पोर्ट एलनमध्ये कुणी साखरेच्या बरणीत मीठ ओतलं, कुणी पेट्रोलच्या गाडीत डिझेल घातलं, की लोक एकच विचारायचे, "एफी भरत होती का रे?" एकोणीस वर्षं हे चाललं. ज्या पोरांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता ती पोरंसुद्धा विचारायला लागली. आमच्या बेटावर माणूस मेला तर महिन्याभरात विसरतात, पण चूक विसरत नाहीत.

एफी मात्र मान ताठ ठेवून दुकानात जायची, पाव आणि अंडी घ्यायची, आणि तशीच ताठ मानेने घरी यायची. मुळातच मानी बाई. गावच्या व्हिस्कीच्या डिस्टिलरीत ती लागली १९७९ साली, एकोणिसाव्या वर्षी. नव्या पिंपांत कच्ची दारू भरायच्या खोलीत त्याआधी बाईने पाऊल टाकलं नव्हतं. तिथे पुरुषांना कामावर दारूचा पेला मिळे, हिला चहा. आर्ची गिलीस नावाचा भट्टीवाला, जिभेला हाड नसलेला, पहिल्याच दिवशी म्हणाला, "पोरी, चहा पिऊन पिंप भरायचं म्हणजे उपाशीपोटी नाचायचं."

"तुझा हात बघ आणि माझा बघ," एफी म्हणाली. "कुणाचा थरथरतोय?"

आर्ची त्या दिवसापासून तिचा दोस्त झाला. टोमणे मारायचं मात्र त्याने सोडलं नाही.

पिंप भरताना आवाज बदलत जातो. आधी पोकळ, मग जाड, मग बारीक आणि घाईचा. एफी तो आवाज ऐकून नळ बंद करी. पंचवीस वर्षांत तिने भरलेल्या पिंपाच्या तोंडाशी कधी ओल दिसली नाही. आणि नाक तर विचारूच नका. आमच्या डिस्टिलरीत वर्षातले दहा महिने साधा माल निघे आणि हिवाळ्यात काही आठवडे धुराचा. धुराचा म्हणजे मोड आलेले जव पीटच्या, दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या, धुरावर सुकवून केलेला. दोन्ही मालांच्या टाक्या शेजारी शेजारी. कोणत्या टाकीत काय आहे ते पाटीवर खडूने लिहिलेलं असे. बाकीचे पाटी वाचत. एफी झाकण उचलून वास घेई. "खडू खोटं बोलेल," ती म्हणे, "माझं नाक नाही बोलणार." त्या नाकावर तिने कधी माशी बसू दिली नाही. तिथेच सगळं नडलं.

२००४ च्या फेब्रुवारीत तिची आई गेली. आईच्या घरात पीटचीच चूल. एफी तीन दिवस त्या चुलीपाशी बसून होती. येणाऱ्याजाणाऱ्याला चहा देत, चूल विझू न देता. सोमवारी आईला माती दिली. मंगळवारी ती कामावर आली, चुलीपाशी घातलेल्याच लोकरी स्वेटरमध्ये. घरी बसून काय करायचं, असं तिला वाटलं. ती नसताना टाक्यांची अदलाबदल झाली होती, आणि पाटीवर तसं स्वच्छ लिहिलेलंही होतं. तिने पाटीकडे पाहिलं नाही. झाकण उचललं. धुराचा वास आला. तो आपल्याच केसांचा, आपल्याच स्वेटरचा, असं तिला वाटलं, आणि तिने नळ सोडला.

पिंप होतं स्पेनहून आलेलं, पाचशे लिटरचं. आत वर्षानुवर्षं शेरी, तिकडची कडक वाइन, मुरलेली. मालकांनी डिस्टिलरीच्या मोठ्या वाढदिवसासाठी ते राखून ठेवलं होतं. त्यात साधा, गोड माल भरायचा होता. एफीने ते काठोकाठ धुराच्या मालाने भरलं, एक थेंब न सांडता.

मॅनेजर होते मिस्टर रॅटरे. मुख्य भूमीवरच्या पर्थकडचे, शिस्तीचे. तिथे पंधरा वर्षं काढूनही त्यांनी कुणाला पहिल्या नावाने हाक मारली नव्हती. ते म्हणाले, "मिस मॅकॅफर, हे कसं झालं?"

"माझी चूक झाली," एफी म्हणाली. कारण तिने सांगितलं नाही. आईचं नाव पुढे करून सुटका करून घेणं तिला जमणारं नव्हतं.

"आता हे पिंप फुकट गेलं. यात धूर मुरला. टँकरमध्ये ओतून मिश्रणवाल्यांना, दहा ठिकाणचे माल एकत्र करतात त्यांना, देऊन टाकू."

"ओतू नका," एफी म्हणाली. "वाटलं तर मला काढा. पण ते ओतू नका. विका कुणाला तरी."

काढलं नाही, पण भरणीच्या खोलीतून उचलून तिला पाहुण्यांच्या खोलीत पेले धुवायला बसवलं. ज्या हातांनी हजारो पिंपं भरली ते हात आता जर्मन आणि जपानी पाहुण्यांचे उष्टे पेले विसळू लागले. पेलेसुद्धा असे धुवायची की त्यात तोंड दिसावं.

मात्र त्याच संध्याकाळी तिने डूगल्ड करीला फोन केला. डूगल्ड शेजारच्या घरातला, तिशीचा पोरगा. त्याने नुकताच धंदा काढला होता. डिस्टिलऱ्यांकडून सुटी पिंपं घ्यायची, पिकू द्यायची, आणि स्वतःचं लेबल लावून बाटल्या भरायच्या.

"पिंप घे," ती म्हणाली.

"सगळं गाव म्हणतंय ते बिघडलंय."

"गावाने ते भरलं नाही. मी भरलंय. घे."

डूगल्डने घेतलं. रॅटरेसाहेबांनी एकच अट घातली: बाटलीवर आमच्या डिस्टिलरीचं नाव येता कामा नये. अशी अट पुष्कळ डिस्टिलऱ्या घालतात, पण या वेळी ती जरा मोठ्या आवाजात घातली गेली.

पिंप डिस्टिलरीच्याच मातीच्या जमिनीच्या गोदामात, समुद्राकडच्या भिंतीला, पडून राहिलं. पाच वर्षांनी डूगल्डने बूच काढून तांब्याच्या नळीने घोटभर वर ओढलं, आणि त्याचं तोंड वाकडं झालं. जळक्या काडेपेटीचा वास, त्यावर रबरी बूट. शेरीच्या पिंपांत कधी कधी गंधक राहतो, तसा राहिला होता. तो पेला घेऊन एफीकडे आला. तिने नुसता वास घेतला.

"थांब," ती म्हणाली.

दहाव्या वर्षी पुन्हा आला. काडेपेटी होतीच, पण मागे कुठेतरी मनुका होत्या. "थांब," ती म्हणाली. चौदाव्या वर्षी मिश्रणवाल्यांचा माणूस बरा भाव घेऊन आला, तेव्हा डूगल्ड रडकुंडीला आला होता. "एफी, बायको म्हणते तू त्या म्हातारीच्या नाकावर संसार चालवतोस का."

"बायकोला सांग, म्हातारी म्हणाली थांब."

तो थांबला. आता एफीची झोप उडाली. गावाचं हसणं तिने पचवलं होतं. पण स्वतःच्या अभिमानापायी या पोराला चौदा वर्षं टांगून ठेवलं असेल तर? पहिली चूक दुःखात झाली होती. ही दुसरी शहाणपणाच्या तोऱ्यात होत असेल, तर तिला माफी नव्हती. हे ती कुणाला बोलली नाही, पण त्यानंतर तिने पेला नाकाजवळही नेला नाही. भीती वाटायची.

२०२३ च्या मे महिन्यात, व्हिस्कीच्या जत्रेच्या आठवड्यात, डूगल्ड म्हणाला, "आता मात्र ठरवायला हवं. मिश्रणवाल्यांचा टँकर शुक्रवारी बोटीने येतोय. भरू बाटल्या, की देऊ?"

"मला विचारू नकोस. आपल्या लेकराला आई काय मार्क देणार? गावाला पाज. काय आहे ते सांगू नकोस. गावाने तोंड वाकडं केलं, तर टँकरमध्ये ओत."

गावातल्या सभागृहात शुक्रवारी दुपारी चाळीसेक माणसं जमली. ओटच्या कडक भाकऱ्या, चीज, पाण्याचे जग. पुढच्या रांगेत आर्ची, आता ऐंशीचा आणि काठी टेकत. खिडकीपाशी निवृत्त रॅटरेसाहेब, टायसकट. एफी अगदी मागे, दाराजवळ, पटकन बाहेर पडता येईल अशी बसली. डूगल्डने बिनलेबलच्या बाटल्या फिरवल्या. रंग जुन्या महागनी टेबलासारखा गडद.

"काय आहे हे?" आर्चीने विचारलं.

"पी आणि सांग."

"फुकट आहे म्हणजे वाईटच असणार," आर्ची म्हणाला, आणि पेला नाकाला लावला.

एफीच्याही हातात पेला आला. आता न घेऊन कसं चालेल? तिने वास घेतला. आधी ती काडेपेटी शोधत राहिली. डावीकडून, उजवीकडून, पेला हलवून. नव्हती. तिथे अक्रोड होते, संत्र्याची वाळलेली साल होती, काकवी होती. आणि त्या सगळ्याच्या पाठीमागे धूर. गोडावर अंगावर येणारा नव्हे, तर घरातल्या थोरल्या माणसासारखा मागे खुर्ची घेऊन बसलेला. तिने घोट घेतला. जिभेवर मनुका, गालात मिरी, आणि गिळल्यावर कितीतरी वेळ राखेत भाजलेल्या बटाट्याची चव. दोन थेंब पाणी घातलं, तर धूर आणखी पुढे सरकला आणि शेरी त्याच्या कडेवर बसली. साधा माल भरला असता तर या पिंपाने त्याला गिळून टाकलं असतं. या लाकडासमोर उभं राहायला धूरच हवा होता.

तिला अभिमान वाटला. चारचौघांत लपवावा असा नाही, सरळ छाती भरून येणारा. आणि त्याच वेळी तिने दाराकडेही बघितलं, कारण सभागृहात कुणीच बोलत नव्हतं. आमच्या बेटावर चाळीस माणसं आणि त्यांत आर्ची, आणि कुणी बोलत नाही, असं फक्त प्रेतयात्रेत होतं.

शेवटी आर्चीने रिकामा पेला पुढे केला. "नीट कळलं नाही," तो म्हणाला. "आणखी घाल."

डूगल्डने घातलं. आर्चीने तेही संपवलं, ओठ पुसले आणि म्हणाला, "वाईट नाही."

सभागृहात एकदम श्वास सुटला. वाईट नाही, एवढं आर्ची त्याच्या लग्नातसुद्धा म्हणाला नव्हता. मग सगळ्यांचीच तोंडं सुटली. कुणी म्हणालं लग्नाचा केक, कुणी म्हणालं आजोबांचं कपाट, एक बाई म्हणाली तिला रडू येतंय आणि का ते कळत नाही. डूगल्डने फोन काढला आणि टँकरवाल्याला दोनच शब्द सांगितले: रिकामा जा.

रॅटरेसाहेब मात्र अजून पहिलाच पेला हातात घेऊन बसले होते. त्यांनी तो उजेडात धरला, पुन्हा वास घेतला, डोळे मिटले. चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं आणि माणूस शिस्तीचा असला तरी दारूच्या बाबतीत अप्रामाणिक नव्हता.

"मिस्टर करी," ते म्हणाले, "मी आयुष्यात याहून चांगल्या व्हिस्कीज प्यालो असेन. तीन, फार तर चार. कुठल्या डिस्टिलरीची आहे ही?"

"लेबलावर नाव घालायची मला परवानगी नाही."

"अशी व्हिस्की करायची आणि नाव घालू द्यायचं नाही? कोण गाढव आहे तिथला मॅनेजर?"

डूगल्डचा चेहरा लाल झाला. तो आधी जमिनीकडे बघत राहिला, मग मागे एफीकडे. "तुम्ही, मिस्टर रॅटरे," तो म्हणाला. "दोन हजार चारचा फेब्रुवारी. एफीचं पिंप."

आर्ची एवढ्या मोठ्याने हसला की त्याची काठी पडली. त्याच्यामागून सगळं सभागृह हसलं, माना मागे वळल्या, आणि चाळीस लोक एफीकडे बघू लागले. एकोणीस वर्षं ती ज्या नजरेची सवय करून बसली होती ती ही नजर नव्हती. ती उठून उभी राहिली, कारण बसून काय करावं ते तिला सुचेना.

"भरली होतीस तरी कशी गं तू ही?" आर्ची ओरडला. "आता तरी सांग."

"आईच्या घरचा धूर अंगात होता," एफी म्हणाली. "टाकीतला कोणता आणि माझा कोणता ते कळलं नाही. पाटी वाचली असती तर कळलं असतं. मी वाचली नाही."

हसू थांबलं. आर्चीने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. पुष्कळांना आता तो आठवडा आठवला. त्यांतल्या कित्येकांनी त्या चुलीपाशी बसून तिच्या हातचा चहा घेतला होता, आणि पुढच्याच आठवड्यात तिला हसायला सुरुवात केली होती.

रॅटरेसाहेब खिडकीपासून निघाले. खुर्च्यांमधून वाट काढत, टाय सरळ करत, थेट दारापर्यंत आले. जवळून ते बरेच म्हातारे दिसत होते. "एफी," ते म्हणाले, आणि हे नाव तिने त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं, "तेव्हा मला कळायला हवं होतं. मी आजच मालकांना लिहितो. बाटलीवर नाव घालू देत, आणि तुझ्या नावावरचा तो ठपका पुसून टाकू देत. ती चूक माझी होती, तुझी नव्हे. हे मी सगळ्यांसमोर सांगायला तयार आहे."

एफीने पेल्यातला शेवटचा घोट घेतला. घाई न करता घेतला.

"नाही, मिस्टर रॅटरे," ती म्हणाली. "चूक माझीच होती. आणि आता ती मी कुणाला देणार नाही."