चालू इंजिन

मी शहाद्याला भाड्याच्या खोलीत राहायचो, तेव्हा समोरचा माणूस सारखा आपल्या जीपचं इंजिन खोलत असे. त्याचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. तोरणमाळच्या घाटात सवाऱ्या नेणारी ती जीप होती. सुटी असली की तो निंबाच्या फांदीला साखळीची कप्पी बांधून इंजिन बाहेर काढायचा आणि पापडांच्या खाटेवर एकेक पिस्टन मांडून ठेवायचा. बायको पापडांचं पीठ घेऊन दारात खोळंबलेली असायची. सगळं पुन्हा जोडलं की इंजिन सुरू करून पेचकसाचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून तो डोळे मिटून ऐकायचा. चेहरा काही निवळायचा नाही.

"जीप तर छान चालते. मग कशाला खोलता?" मी एकदा विचारलं.

बॉनेटवर बोट ठोकत तो म्हणाला, "बंद पडनी ते कळस काय बिघडनं. चालू शे तवपावत मझार काय व्हई ऱ्हायनं, कोनले माहीत?"

चालत्या इंजिनाच्या आत काय होतंय, याची काळजी! मला हसू आलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघालो. माझी मोटारसायकल पहिल्याच किकला सुरू झाली. गिअर टाकायचं सोडून मी तिच्यावर तसाच बसून राहिलो, आवाज ऐकत.