मधली एकवीस वर्षं

"आ कर."

डॉक्टरने माझा ओठ वर केला, बैलबाजारात करतात तसा. दात बघितले, केस बघितले. शेजारी बसलेल्या कंपनीच्या साहेबाला म्हणाला, "हिचं लिहा अठ्ठावन्न."

अठ्ठावन्न! नेमकं रिटायरचं वय. एक वर्ष इकडे नाही, तिकडे नाही.

मला सकाळपासूनच संशय. माजिवड्याच्या त्या रंगाच्या कारखान्यात पंधरा वर्षं पावडर चाळली. तोंडाला फडकं मागितलं तर सुपरवायझर म्हणायचा, "पदर नाय काय तुला?" ती कंपनी फुकट डॉक्टर आणते? वर बिस्किटं? मी बिस्किट खाल्लं नाही. पदराला बांधलं, पुरावा म्हणून. बाहेर हायवेला बिल्डरांच्या पाट्या लागायला लागलेल्या. कारखान्याची जागा विकायची, तर आधी आम्हाला घरी पाठवायची घाई, ते कळत होतं.

पावडर अशी, की आमच्या घामाने गटार लाल व्हायचं. संध्याकाळी घरी गेले की कावळेही ओळखायचे नाहीत. तिशीतच केस पिकले, दात हलले. चार पायऱ्या चढले की छातीचा भाता.

"मी सदतीसची," मी म्हटलं.

"दाखला?"

"दाखला कुठला? मिठागराचा बांध फुटला त्या दिवशी जन्मले. आई सांगते."

डॉक्टर खो खो हसला. "आजी, बांध काय, दरवर्षी फुटतो. चल, अंगठा दे."

साहेब हसला नाही. फायलीत डोकं. तिथेच मी त्याला पकडला. आमच्या बाळकुमचाच तो, मिठागराच्या मालकाचा मुलगा. गाल असे, की माशी बसली तर घसरून मरेल. बांध फुटला त्याच दिवशी तोही जन्मला. सुईण त्याची नाळ कापून थेट आमच्या झोपडीत आली. तिकडे तिला लुगडं मिळालं, आमच्याकडे मूठभर सुकट.

"साहेब, तुमचं वय किती?"

त्याने फायलीचं पान उलटलं.

"सांगा ना. सुईण एकच आपली."

"सदतीस," तो पुटपुटला.

डॉक्टरने त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. "मग ही अशी कशी?"

"तेच लिहा. वय सदतीस, दिसते अठ्ठावन्न. मधली एकवीस वर्षं कुणी खाल्ली? थोडी यांच्या बापाच्या मिठागराने. सहा वर्षांची असल्यापासून तिथे पाय फोडलेत मी. बाकीची या कंपनीच्या पावडरीने."

साहेबाने शाईचा पॅड पुढे सरकवला. मी अंगठा मुठीत दाबला आणि रांगेतल्या बायकांकडे वळून ओरडले, "गो, कुनी अंगठा देव नका! आधी लिवा म्हनावं, किती वर्सं पावडर खाल्ली ती!"

एकीनेही दिला नाही.

ती मूठ मी अजून उघडलेली नाही. आमची वर्षं त्यांच्या कागदावर येईपर्यंत उघडणारही नाही.