समुद्राकाठचा नातेवाईक

एमिल कुबिचेकला अभिनय येत नाही, हे मी त्याच्या तोंडावर अनेकदा सांगितलंय. पण रंगभूमीवर जन्म काढूनही त्याच्यासारखी दणदणीत एंट्री मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही.

नेब्रास्कातल्या आमच्या गावात मेडिकल कॉलेज आहे आणि कॉलेजला खोटे रुग्ण लागतात. खऱ्या माणसांना हात लावण्याआधी मुलांनी आमच्यावर सराव करायचा. फिरती नाटक कंपनी बुडाल्यावर मी तिथे लागले. काय एकेक भूमिका मिळाल्या म्हणून सांगू! पित्ताशयाचे खडे, अर्धशिशी, एकदा तर महिनाभर विधवेचं नैराश्य. प्रेक्षक एकच, पण प्राण कानात आणून ऐकणारा. असा प्रेक्षक मला भर थिएटरात कधी मिळाला नव्हता.

एमिल धान्याच्या कोठारातून निवृत्त होऊन तिथे आला. पहिल्याच दिवशी त्याच्या वाट्याला हृदयविकार आला. विद्यार्थ्याने विचारलं, "कुठे दुखतंय, आजोबा?"

"मला कुठे काय दुखतंय? या कागदावरच्या माणसाला दुखतंय."

मग मी त्याची तालीम घ्यायला बसले. "एमिल, पांढरा कोट दिसला आणि तब्येत विचारली, की हात छातीवर, श्वास अर्धा आणि वाक्य फेकायचं, 'छातीवर बैल बसल्यासारखं वाटतंय हो, डावा हात बधिर झालाय.' विचार करायचा नाही. झोपेतून उठवलं तरी तोंडातून हेच यायला हवं."

"झोपेतून उठवलं तर मी शिव्या देतो, अर्डिसबाई."

पण घोटलं बिचाऱ्याने. गाईची धार काढतानासुद्धा घोटलं.

हा एमिल तरुणपणी नौदलात होता. थाप नव्हे! समुद्र बघायला मिळेल म्हणून त्याने नाव घातलं आणि नौदलाने त्याला घरापासून तासाभरावर, मक्याच्या रानातल्या दारूगोळ्याच्या डेपोवर धाडलं. पांढरी खलाशी टोपी घालून त्याने नोकरीभर तोफगोळे चढवले आणि उतरवले. आसपास पाणी म्हणाल तर गुरांच्या हौदात. आईबाप गेल्यावर नात टेसा त्याच्याकडे वाढली, तेव्हा रोज झोपताना तिला त्याने लाटांच्या, वादळांच्या, देवमाशांच्या गोष्टी सांगितल्या. सगळ्या हौदाकाठी रचलेल्या.

टेसा आमच्याच कॉलेजात डॉक्टर झाली आणि पुढच्या शिक्षणासाठी तिच्या डोक्यात एकच इस्पितळ बसलं. देशाच्या दुसऱ्या टोकाला, मेन राज्याच्या किनाऱ्यावर. तिथले शिकाऊ डॉक्टर होडीने बेटांवर जाऊन रुग्ण तपासतात.

आता ही रेसिडेन्सी, म्हणजे इस्पितळात राहून घ्यायचं हे पुढचं शिक्षण, म्हणजे ठरवून केलेलं लग्न. मुलं आपली पसंती सांगतात, इस्पितळं त्यांची सांगतात, कॉम्प्युटर जोड्या लावतो आणि मार्चमधल्या एका शुक्रवारी भर दुपारी सगळ्या देशाची पाकिटं एकदम फुटतात. आमच्या सभागृहात देशाचा मोठा नकाशा लावतात. ज्याला जिथे जागा मिळेल तिथे त्याने टाचणी टोचायची. दर वर्षी दाण्यांभोवती कोंबड्या जमाव्यात तशा सगळ्या टाचण्या आमच्या गावाभोवती जमतात.

टेसाचे सल्लागार डॉ. होल्ट्झ यांनी स्पष्टच सांगितलं. "तिकडचे लोक आधी कॉलेज कुठलं ते बघतात. आपलं नाव दिसलं की म्हणतात, ही इथे कशी टिकेल? थंडी संपायच्या आत गाईंच्या आठवणीने रडत परत जाईल."

"पण सर, माझे मार्क?"

"मार्क बघायला आधी अर्ज उघडावा लागतो. तिकडे कुणी नातेवाईक आहे का?"

"नाही."

"मग इथलंच बघ, बाळ."

संध्याकाळी एमिलच्या स्वयंपाकघरात ती हे सांगताना रडली. मी तिथेच होते. एमिलने खसखशीचे दोन कोलाचे, म्हणजे सारण भरलेले गोड पाव, शांतपणे संपवले, मिशा पुसल्या आणि म्हणाला, "नातेवाईक पाहिजे ना? मग मी जातो."

"आजोबा, असं नसतं!"

"का? मी तुझा नातेवाईक नाही?"

"तुम्ही इथे राहता!"

"ते रविवारपर्यंत."

आणि गेला की हो! वयाची ऐंशी उलटलेला माणूस, ज्याने राज्याची हद्द कधी ओलांडली नव्हती, खलाशी टोपी घालून बसमध्ये चढला. ड्रायव्हरला विचारतो, "समुद्र कोणत्या बाजूला दिसेल?"

"आजोबा, आधी बसा. दोन गाड्या बदलल्यावर समोरच दिसेल."

टेसाने अर्जात आजोबांचा मेनचा पत्ता घातला आणि मुलाखतीचं बोलावणं आलंसुद्धा, त्याच आठवड्यात, कॉम्प्युटरच्या पडद्यावर. टेसाच्या तोंडावर नीट उजेड पडावा म्हणून मी दिवा धरून उभी होते. पलीकडे मेनच्या डॉ. पेल्टिए, पांढऱ्या कोटात.

"नेब्रास्काहून इतक्या लांब का यायचंय तुम्हाला?"

"माझे आजोबा तिकडेच राहतात, मॅडम."

"अरे वा! कधीपासून?"

टेसा उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात मॅडमच्या मागचं दार धाडकन उघडलं आणि हातात कोलाच्यांचा डबा घेतलेला एमिल आत आला.

"मंगळवारपासून!"

दिवा माझ्या हातून पडता पडता राहिला. डॉ. पेल्टिए सभ्य बाई. उठून उभ्या राहिल्या. "बसा, आजोबा. एवढा लांबचा प्रवास केलात. तब्येत कशी आहे?"

पांढरा कोट. तब्येत. एमिलचा हात छातीवर गेला.

"छातीवर बैल बसल्यासारखं वाटतंय हो... डावा हात बधिर झालाय."

श्वास बरोबर अर्धा! मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. मॅडमनी घंटा दाबली. नर्स, स्ट्रेचर, धावाधाव.

"अहो, मला काही झालेलं नाही! ही भूमिका आहे माझी!" एमिल ओरडला.

"झटका आलेले सगळे असंच म्हणतात," म्हणत मॅडम त्याच्यामागे धावल्या.

"ते नाटक करतायत!" टेसा इकडून किंचाळली, पण ऐकायला तिकडे फक्त कोलाच्यांचा डबा होता. मुलाखतीचा सगळा वेळ आम्ही रिकामी खुर्ची बघत बसलो. शेवटी मॅडम धापा टाकत परतल्या. "तुमच्या आजोबांचं हृदय उत्तम आहे. आणि आपली वेळ संपलीय."

मार्चमधला शुक्रवार उजाडला. टेसाने पाकीट फोडलं. आमचंच गाव, आमचंच इस्पितळ. डॉ. होल्ट्झ यांनी तिच्या पाठीवर थोपटलं. ते तिला जास्तच लागलं.

तिने एमिलला फोन लावला. "आजोबा, नाही झालं. इथलंच मिळालं. तुम्ही या परत."

पलीकडे समुद्रपक्ष्यांचा कलकलाट.

"परत कसा येऊ? एव्हिसच्या होडीवर लागलोय मी." एव्हिस थिबोडो म्हणजे त्याची घरमालकीण, बेटांवर टपाल पोचवणारी. "ती होडी हाकते, मी दोर धरतो. रोज ओकतो. फार सुंदर आहे, पोरी. मी तुला सांगितलेलं सगळं चुकीचं होतं. लाटा निळ्या नाहीतच मुळी! आता नीट बघून ठेवतोय."

"आणि मी?" टेसा रडायला लागली.

"तिथलं शिक्षण किती वर्षांचं?"

"तीन."

"मग इकडे नोकरीला अर्ज करशील, तेव्हा विचारतील ना, इथे तुमचं कोण आहे, कधीपासून? तेव्हा मंगळवारपासून म्हणावं लागणार नाही."

टेसा रडता रडता हसली. नाक पुसून नकाशाकडे गेली आणि दोन टाचण्या मागितल्या. एक तिने गावाच्या गर्दीत टोचली. दुसरी घेऊन थेट मेनच्या काठाशी गेली.

"अहो, ती फक्त जागा मिळालेल्यांसाठी आहे," कॉलेजचा कारकून म्हणाला.

शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा माझा आवाज अजून शाबूत आहे. "मिळालीय एमिलला!"

घाईत टाचणी किनाऱ्याच्या जरा पुढे, निळ्या रंगात लागली. टेसाने ती तिथेच राहू दिली.