सह्यांची वही आणि माझी नणंद

दिल्लीच्या द्वारकेतली आमची सोसायटी नवी कोरी होती तेव्हाची गोष्ट. सरकारी क्वार्टर सोडून फ्लॅटमध्ये आलो, लिफ्ट मिळाली आणि माझी नणंद फुगायला लागली. चाळिशीची होती ती. लहानपणापासूनच शिकायला, समजायला तिला वेळ लागायचा; लबाडीला मात्र अजिबात नाही. क्वार्टरमध्ये दिवसातून दहादा जिना चढायची. इथे पलंगावरून उठतानाही माझा हात लागायचा. डॉक्टर म्हणाले, "चलेगी नहीं तो एक दिन उठ भी नहीं पाएगी." मग उचलणार कोण? मीच, आणि माझी कंबर तर आधीच बोंबलत होती.

चूक माझीच. पाण्याचा पेला हातात, चपला पायात, सगळं आयतं. सासूबाई सांगून गेल्या होत्या, पोरीला काही कमी पडू देऊ नकोस. मी पडू दिलं नाही.

तिला पार्कात नेलं. अर्धी फेरी झाली की ती बाकावर. "तुम्ही फिरा वहिनी, मी बघते." ती शेंगदाणे खायची, मी फिरायचे. महिन्याभरात वजन उतरलं ते माझं.

शेवटी डॉक्टरांकडच्या व्यायाम शिकवणाऱ्या मुलीनं विचारलं, "आंटी, इनको अच्छा क्या लगता है?"

"दूसरों की घंटी बजाना."

"तो बजवाइए."

आमच्याकडे प्रत्येक नोटिशीवर घरोघर सही घ्यायची पद्धत. चौकीदार त्याला कंटाळलेला. त्याच्याकडची सह्यांची वही मी नणंदेकडे दिली. लिफ्टनं वर जायचं, एकेक मजला जिन्यानं उतरायचं. मी मागे, तोंड बंद ठेवून. जिने परवडले, गप्प राहणं नाही. शिवाय ती लोकांना दटावायची, "रेघेवर करा."

पुढे पुढे वर जातानाही तिनं लिफ्ट सोडली. तेवढ्यात सेक्रेटरींना सुधारणा सुचली. "भाभीजी, अब नोटिस बोर्ड लगा दिया है, साइन की ज़रूरत नहीं."

दुसऱ्या दिवशी नणंद वही घेऊन त्यांच्या दारात. "कागद द्या." माणूस कानपूरचा, मराठीचा गंध नाही, पण समजला. तेव्हापासून ते काहीही लिहून द्यायचे: आज पानी रोज़ की तरह आएगा. त्यावरही घरोघरच्या सह्या.

त्या थंडीत एकदा तिला उठवायला गेले, तर पलंग रिकामा. बाईसाहेब आपल्या आपण उठून, चपला घालून दारात उभ्या.

"अगं, आंघोळ?"

"सह्या झाल्यावर."