दोनदा मोजलेलं वादळ

"ते मेलं कशावरून?"

सकाळी नऊ वाजता मी डबा टेबलावर ठेवतोय न ठेवतोय, तोच चष्मा कपाळावर सरकवून मॅडम हा प्रश्न टाकायच्या. दचकू नका, माणसाबद्दल नाही, वादळाबद्दल. तेही तीस वर्षांपूर्वीच्या. "हे तुझं नोव्हेंबरातलं वादळ थायलंडच्या किनाऱ्यावर मेलं म्हणतोस. कशावरून?"

आता सांगा, सकाळी चहासुद्धा न झालेल्या माणसानं यावर काय बोलावं?

चांगी बिझनेस पार्कमधल्या बँकेची नोकरी सोडून मी बुओना व्हिस्टाच्या एका संशोधन केंद्रात प्रोग्रामर म्हणून आलो, ते दोन हजार तेराच्या सुमारास. सिंगापूर विषुववृत्ताला इतकं चिकटून आहे की चक्रीवादळ इकडे सहसा फिरकत नाही. तरी आम्ही दिवसभर वादळांच्याच मागे. दक्षिण चीन समुद्रापासून बंगालच्या उपसागरापर्यंत जुनी वादळं कुठल्या वाटांनी गेली, आणि प्रशांत महासागराचं पाणी तापलं किंवा निवलं की त्या वाटा बदलतात का, हे शोधायचं होतं. तापण्याला एल निनो म्हणतात, निवण्याला ला निना. दर सहा तासांच्या नकाशावर कमी दाबाचं केंद्र हुडकायचं आणि ठिपके जोडून वाट काढायची, हा प्रोग्राम माझा. तो तपासण्याचं काम आमच्या हवामानतज्ज्ञ मॅडमचं.

शहाणा माणूस दहा-वीस वाटा तपासतो आणि सही करतो. मॅडम सगळ्या तपासायच्या. छापून घेऊन, पेन्सिलीनं. यिशुनच्या फ्लॅटमध्ये त्या एकट्याच राहत, नवरा सांगलीला. सकाळी निघाल्या की एमआरटी मेट्रोत मांडीवर कागदांचा गठ्ठा, बिशानला गाडी बदलतानाही नजर कागदातच. एकदा शेजारच्या चिनी आजीनं कौतुकानं विचारलं, "टीचर आह? सो मेनी पेपर्स!"

"येस," मॅडम म्हणाल्या. "ऑल फेल."

हा किस्सा त्यांनी ऑफिसात मला हसत हसत सांगितला. नापास झालेला विद्यार्थी मीच, तेव्हा मी काय हसणार!

"मॅडम, नमुन्याला थोड्या बघा हो. शितावरून भाताची परीक्षा करतातच की," मी कितीदा विनवलं असेल.

"भात एका पातेल्यातला असतो रे. ही काय एका पातेल्यातली आहेत?"

तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल. त्याचं चुकलेलं नसतं, म्हणून तर जास्त राग येतो.

वर्षभरानं आलेख तयार झाला. काय देखणा होता! ला निनाच्या वर्षांत बंगालच्या उपसागरात वादळंच वादळं. आमचे डायरेक्टर इथलेच, चिनी, मोजकं बोलणारे गृहस्थ, तेही चक्क "वेरी गुड लाह" म्हणाले. तीन आठवड्यांनी निधी देणाऱ्यांपुढे सादरीकरण होतं. प्रकल्प पुढे चालणार की नाही ते त्यावर ठरणार होतं, आणि त्याबरोबर आम्हा दोघांचं कॉन्ट्रॅक्टही. कॉन्ट्रॅक्ट गेलं की इथं राहण्या-कामाचा पास जाणार, पास गेला की सामान बांधायचं. माझी मुलगी पुढच्या वर्षी प्रायमरीच्या शेवटच्या परीक्षेला बसणार होती. मॅडमना हे ठाऊक होतं. घरी आल्या की तिला विचारायच्या, "काय गं, अभ्यास कसा चाललाय?" ती म्हणायची, "ओके लाह, आंटी." मॅडम तिच्याही वहीत चूक शोधायच्या.

आणि तेवढ्यात मॅडमनी दोन कागद माझ्यापुढे ठेवले. एका कागदावर वादळ थायलंडच्या पूर्व किनाऱ्यावर संपत होतं. दुसऱ्यावर दीड दिवसानं पश्चिमेला, अंदमानच्या समुद्रात, नवं वादळ जन्मत होतं.

"हे एकच आहे," मॅडम म्हणाल्या. "जमिनीचा हा चिंचोळा पट्टा ओलांडताना ते अशक्त झालं. तुझ्या प्रोग्रामनं मेलं म्हणून सोडून दिलं. पलीकडे पाण्यावर पुन्हा जोर धरला, तर नवीन म्हणून मोजलं. ला निनाच्या वर्षांत असं ओलांडणं जास्त होतं. म्हणून तुझा आलेख फुगलाय."

जोर कमी झाला की वादळ सोडून द्यायचं, ही अट मीच घातली होती. प्रोग्राम भराभर पळावा म्हणून. मॅडमना न विचारता.

"सादरीकरण होऊ दे, मग दुरुस्त करू," मी म्हणालो.

"म्हणजे आधी खोटं सांगायचं आणि मग खरं?"

मी चिडलो. वाट्टेल ते बोललो. नवरा पेन्शनीत आहे, तुमचं काय जातंय, असंही बोललो. मॅडम पेन्सिलीला टोक करत राहिल्या. मग तीन आठवडे त्या एकेक वादळ जोडत गेल्या आणि मी धुसफुसत मोजणी पुन्हा चालवत गेलो. एल निनो-ला निनाचा संबंध शेवटी उरला, पण लंगडा.

सादरीकरणाच्या आदल्या दिवशी डायरेक्टरांनी जुना आणि नवा आलेख शेजारी शेजारी ठेवले. बराच वेळ पाहिलं. "ही चूक कुणाची?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

तोंड उघडलं होतं मी, शपथेवर सांगतो.

"तपासणी माझी होती," मॅडम म्हणाल्या. "वर्षभर माझ्या नजरेतून सुटलं." मग माझ्याकडे वळून, मराठीत, "पुढची स्लाईड लाव."

मी पुढची स्लाईड लावली.

प्रकल्प चालू राहिला, पण माणूस एकच ठेवायचा ठरलं. मॅडमना सांगलीला परत जावं लागलं. विमानतळावर त्यांची बॅग ढकलत मी टॅक्सीत घोकलेलं वाक्य सुरू केलं, "मॅडम, ती अट मी..."

"लेकीकडून मराठी वाचून घेत जा रोज," त्या म्हणाल्या. "आणि जोडलेल्या वाटांची फाईल पुन्हा एकदा बघ. शेवटच्या दोन वर्षांची मला अजून खात्री नाही."

आत गेल्या. मागे वळून पाहिलं नाही. मला इतका राग आला त्यांचा! कुणी सांगितलं होतं उपकार करायला? माफी मागायचीसुद्धा सोय ठेवली नाही बाईंनी.

पुढच्या आठवड्यात माझं पत्र आलं. दोन वर्षांची मुदतवाढ. खाली डायरेक्टरांनी स्वतःच्या अक्षरात कौतुकाच्या दोन ओळी लिहिल्या होत्या, मॅडमच्या नजरेतून सुटलेली चूक खणून काढण्याच्या माझ्या चिकाटीबद्दल. बायकोनं ते पत्र देवापुढे ठेवलं, लिटल इंडियातून पेढे आणले. तिला खरं काय ते सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात तिनं त्यात पेढा घातला.

गोड लागला हो. तेच अजून डाचतंय.